न घेतलेलं वाक्य

नाही, नाही, बसा हो धाकटे मालक, तो कपड्यांचा ढीग उचलून खाली ठेवा, त्या खुर्चीवर कुणी ना कुणी काहीतरी टाकतच असतं, ही खोली म्हणजे सगळ्या नाटकाची अडगळ, आणि त्यातलीच एक मी. हसताय काय, खरं तेच सांगतेय. पण तुम्ही आत्ता जे विचारलंत ना, ते मला आवडलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. ताई वाक्यं विसरायला लागली आहे का – हे मला विचारायचं? अख्खी कंपनी सोडून मलाच? बरोबर आहे म्हणा, दुसऱ्या कुणाला कळणार! विंगेत पुस्तक धरून मी उभी असते, अडलेला शब्द मी पुरवते, तिच्या तोंडून काय पडलं आणि काय पडायचं राहिलं हे माझ्याइतकं देवालाही ठाऊक नसेल. पण म्हणून मी चहाडी करायची? छे. मैत्रीण आहे ती माझी. परकर-पोलक्यातली म्हणा हवं तर. एका खोलीत राहिलोय, एका आरशात तोंड बघितलंय – म्हणजे बघायची ती, मी मागून डोकवायचे. मी तिच्याबद्दल एक वावगा शब्द काढायची नाही. दार जरा लोटून घेता का?

हां. तर विसरते असं मी म्हणणार नाही. वय झालंय, एवढंच म्हणेन. आता वय तिचं झालं तेवढं माझंही झालं, पण माझी गोष्ट वेगळी, माझं पाठांतर पहिल्यापासून पक्कं. तेव्हाचे आमचे दिग्दर्शक – तुमच्या वडिलांचे दोस्त, तुम्ही नाही बघितले – ते म्हणायचे, हिला पुस्तक एकदा वाचायला द्या, दुसऱ्या दिवशी पुस्तक विकून टाका. असं म्हणायचे! आणि नायिका कुणाला केलं? तिला. आम्ही दोघी एका ओळीत उभ्या, दोघींना तोच उतारा वाचायला दिला, मी घडाघडा म्हणून दाखवला, एक काना इकडचा तिकडे नाही – आणि ही? मध्येच अडखळली, हसली, म्हणाली, परत म्हणू का? झालं! सगळे तिच्यावर खूश. त्या हसण्यावर तिनं आयुष्य काढलं बघा. मी म्हणते, अडखळणाऱ्या बाईला नायिका आणि न अडखळणाऱ्या बाईला मोलकरीण, हा कुठला न्याय? मोलकरणीचं काम केलं मी त्यात. ट्रे घेऊन यायचं, ट्रे घेऊन जायचं. वाक्यच नव्हतं. एवढ्या पाठांतराचं करायचं काय, ट्रेला म्हणून दाखवायचं?

नाही हो, पोटात दुखत नाही माझ्या. दुखत असतं तर इतकी वर्षं तिच्यासाठी अंधारात उभी राहिले असते का? सगळे म्हणतात, मावशी, तुमचं मन मोठं. आहेच मोठं. आमचे हे होते ना, ते लग्नाआधी रोज नाटकाला यायचे, तिकीट काढून, पहिल्या रांगेत. मला वाटायचं, माझ्यासाठी येतात. ट्रेसाठी! लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात विचारतात कसे – तुझी ती मैत्रीण आपल्याकडे जेवायला येईल का गं? आली. आल्यावर यांनी स्वतः पाणी आणून दिलं, ज्यांनी जन्मात स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता. आणि लेक माझी, सख्खी, पोटची, तिच्या खोलीत फोटो कुणाचा? माझा नाही. मी विचारलं तर म्हणते, आई, तुझा कुठे असा चांगला फोटो आहे? म्हटलं, बरोबर आहे, ट्रेचा फोटो कोण काढणार.

बरं, ते राहू दे. तुम्ही कामाचं विचारलंत. आता तिचं तरी काय सोनं झालं म्हणा. बाईचं काम म्हणजे तरी काय, आधी प्रेयसी, मग बायको, मग वहिनी, मग डायरेक्ट आई, मधलं काही लिहायचंच नाही असा लेखकांनी पणच केलाय जणू. तिचा तो जोडीदार नट आठवतो? हिच्याच गळ्यात पडून पडून मोठा झालेला? तो अजून प्रियकरच आहे, केस काळे करून, पोट आत ओढून. आणि मागच्या नाटकात ही कोण होती – त्याची आई! मला तर विंगेत हसू आवरेना. म्हणजे वाईट वाटलं, पण हसूही आलं. चित्रपटवाल्यांनी तर बोलावणंच बंद केलं. म्हणून सांगते, हे तुमचं नाटक म्हणजे तिचा शेवटचा मोठा रोल, हा गेला की घरी बसायचं. त्यामुळे मी जे काही बोलेन ते जपून बोलेन. तिच्या तोंडचा घास मला काढायचा नाही.

पण तुम्ही मालक आहात, तुमच्यापासून लपवणं म्हणजे तुमच्या मिठाला न जागणं. आता तो पोरगा तक्रार घेऊन आलाच आहे तुमच्याकडे, मुलाचं काम करणारा, तर मी कशाला नाही म्हणू. हो, घडलं तसं. परवाच्या प्रयोगात. तुम्ही नव्हता ना परवा? म्हणूनच. शेवटच्या अंकातली ती जागा बघा – मुलगा इतक्या वर्षांनी परत येतो, दारातच उभा राहतो, विचारतो, आई, तू मला माफ केलंस का? आणि मग आईचं ते भाषण. दीड पान! अहो, त्या भाषणासाठी तर नाटक लिहिलंय. मी तुम्हाला म्हणून दाखवू? ‘माफ करायला तू माझं काय नेलं होतंस, नेलं ते तुझं तूच’ – नको, राहू दे, इथे काय, पण मी घरी म्हणते कधीकधी, भांडी घासताना, आणि खोटं नाही सांगत, हातातलं भांडं तसंच राहतं. माझा आवाजही अजून चांगला लागतो. तर तो पोरगा त्याचं वाक्य म्हणून उभा, आणि ही गप्प! गप्प म्हणजे गप्प. एक शब्द नाही. मी लगेच पहिला शब्द दिला – आमची रीतच तशी, पूर्ण वाक्य द्यायचं नाही, तोंडाशी नुसता शब्द ठेवायचा, बाकीचं नट ओढून घेतो. तिनं घेतला नाही. पुन्हा दिला, जरा मोठ्यानं. नाही. तिसऱ्यांदा तर एवढ्या मोठ्यानं दिला की पहिल्या रांगेला ऐकू गेला असेल. ही आपली त्या पोराकडे बघतेय. मग हळूच खुर्चीशी गेली, खुर्चीवरची धूळ हातानं पुसली – धूळ कसली, धूळ नव्हतीच – आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवून म्हणाली, ‘बस.’ बस! भाषणातलं शेवटचं वाक्य. दीड पान गेलं पाण्यात. आता याला तुम्ही विसरणं नाही तर काय म्हणाल?

मी म्हणत नाही हं. तुम्हीच म्हणा. मी आपलं एवढंच सांगेन की नाटक बंद पडायला नको, पन्नास माणसांची पोटं आहेत यावर. आणि तशी वेळ आलीच, देव करो न येवो, पण आलीच, तर बाहेर कुणाला शोधत बसू नका. मला ते काम तोंडपाठ आहे. हालचालींसकट. पोशाखही बसतो – म्हणजे इस्त्री करताना अंगाला लावून बघितला होता सहज. मग एकदा घालूनही बघितला. कमरेत जरा घट्ट होतो, दोन टाके उसवले की झालं. असं बघू नका हो माझ्याकडे, मी काही मागत नाहीये, विचारलंत म्हणून बोलले.

काय? लोकांनी काय केलं? कधी, तेव्हा? काही नाही केलं. काय करणार? गप्प बसले तेही. एवढं मोठं थिएटर, पण खोकला म्हणून कुणाला आला नाही. नेहमी त्या भाषणाला टाळी पडते, परवा टाळीसुद्धा नाही. पडदा पडला तरी बराच वेळ कुणी उठेना. मी? मी काय, माझ्या डोळ्यांत जरा पाणी आलं, पण ते त्या विंगेतल्या धुळीचं, तुम्ही तिथले पडदे कधी झटकून घेतच नाही. पुस्तकातलं अक्षर दिसेना म्हणून पान उलटायचं राहिलं, त्या पोराला पुढचं वाक्य हवं होतं तर मला सापडेचना. त्यानंच आपलं निभावून नेलं. आता हे नका कुठे बोलू. माझं पान चुकलं असं आजवर झालं नाही.

नाही, नाही, ती घाबरलेली होती, मी सांगते ना! मला पक्कं ठाऊक आहे. तिनं मला खूण केली. लोकांना नाही दिसली, पाठीमागे हात केला होता, माझ्या बाजूला, डावा. शब्द मागत होती बिचारी, हात पसरून. मला इतकं वाईट वाटलं – काय वाईट वाटलं, खरं सांगू, बरं वाटलं. बरं वाटलं मला. म्हटलं, एवढ्या वर्षांत एकदा तरी हात पसरलास माझ्यापुढे. म्हणून तर तिसऱ्यांदा मोठ्यानं दिला.

कसा म्हणजे? हात कसा होता म्हणजे काय? असा. पाठीमागे. थांबा हं, उभी राहून दाखवते. ती अशी उभी, पोरगा तिकडे, मी या बाजूला, आणि हात असा – तळवा वर – नाही. वर नव्हता. असा. बोटं वर आणि तळवा माझ्याकडे. असा.

असा.

मागणाऱ्याचा हात असा नसतो, नाही का. हा तर – रस्त्यात गाडी थांबवतात तसा. हा थांब म्हणण्याचा हात. म्हणजे ती मला – म्हणजे तिला ऐकू येत होतं. तिन्ही वेळा. आणि मी वेड्यासारखी मध्येमध्ये शब्द फेकतेय, आणि ती पाठीमागून मला म्हणतेय, थांब गं बये, थांब. भाषण विसरली नव्हती. टाकलं तिनं. नकोच होतं तिला. दीड पान एका बाजूला आणि ती खुर्ची पुसणं एका बाजूला, आणि मी आपली तिथे उभी राहून रडतेय, तरी मला कळलं नाही! पाठांतरवाली! अहो, मी असते तर म्हटलं असतं की सगळं, एक काना न चुकता. टाळी घेतली असती. पण ते – ते मला सुचलं नसतं. शंभर जन्म घेतले असते तरी नसतं.

पण मग इतकी वर्षं ती शब्द घेत आली ते काय? घेतलेत तिनं, मी दिलेत, मला ठाऊक आहे. निदान सुरुवातीला तरी. हल्ली – हल्ली कधी घेतला होता? थांबा, आठवू द्या. तो दुसऱ्या अंकात – नाही, तो त्या पोराला दिला होता.

उठलात का? चहा सांगते ना. काय म्हणालात? मावशीला पुस्तक घेऊन उभं करायची आता गरज नाही असं तुम्हीच मागे म्हणाला होता? कुणाला? तिला? मग? ... तिनं अट घातली? ‘मावशी विंगेत नसेल तर मी रंगमंचावर पाय ठेवणार नाही.’ अशी म्हणाली? या शब्दांत? पहिल्याच बैठकीला. स्वतःचं काही ठरायच्या आधी.

मला बोलली नाही कधी. रोज भेटते, रोज प्रयोगाआधी माझा दंड दाबून जाते, मावशी आहेस ना गं म्हणते. मला वाटायचं, घाबरते म्हणून विचारते. माझ्यावाचून अडतं तिचं, या एका गोष्टीवर तर मी – सगळं तिला मिळालं, ठीक आहे, कामं तिला, नाव तिला, घरातली माणसंसुद्धा निम्मी तिची, पण तो अंधारातला कोपरा, ते पुस्तक, ते माझं होतं. ते मी मिळवलं होतं. आणि आता तुम्ही सांगताय, तेही तिनंच दिलंय. दान!

नाही, मला काही झालेलं नाही. पाणी नको. आणि हे बघा, तिला यातलं काही सांगायचं नाही. मी काही बोललेच नाही. तुम्ही विचारलंत, मी म्हटलं, ताई एक शब्द विसरत नाही. तेच खरं आहे, तेच सांगा सगळ्यांना. तुमची दुसरी घंटा व्हायची वेळ झाली, ती आत्ता येईल इथे शाल घ्यायला, तिच्यासमोर मला असं – अहो, जा ना तुम्ही! काय उभे राहिलात? जा म्हणते ना!