व्हर्नाचं मनगट

अमेरिकेतल्या केंटकीतलं आमचं नेमबाजीचं मैदान. गोळ्यांच्या काउंटरपाशी रांग होती. माझ्यापुढे व्हर्नाबाई, हातात तळव्यात मावेल एवढ्या पिस्तुलाची पेटी, आणि शेजारी तिचा नवरा डेल्बर्ट.

“एकदाही अडकलं नाही रे! गोळ्यांचा अख्खा डबा संपवला!”

“अगं हळू, लोक बघताहेत.”

“बघू देत! इतकी वर्षं काय म्हणत होतास? ‘व्हर्ना, तुझं मनगट लेचंपेचं, म्हणून गोळी अडकते.’”

“बायकांचं होतं तसं. सगळेच म्हणतात.”

“सगळे म्हणजे तू आणि तुझा भाऊ! मी गोळ्या भरायच्या दोन्ही मॅगझिनांना नेलपॉलिश लावलं. एकाला लाल, एकाला गुलाबी. अडकायचं ते फक्त लालवालं. माझ्या मनगटाला रंग कळतात होय?”

“बरं, मग?”

“मग ते उघडलं. आतली स्प्रिंग उलटी! पुढची बाजू मागे! गोळी वर येताना नाक खाली घालायची आणि तिथेच रुतून बसायची. स्प्रिंग फिरवून बसवली, झालं काम!”

“पण उलटी झाली कशी?”

“दर इस्टरला दोघांची पिस्तुलं खोलून साफ कोण करतं, डेल्बर्ट?”

रांग जरा पुढे सरकली. डेल्बर्टने टोपी काढली, पुन्हा घातली.

“व्हर्ना.”

“काय?”

“माझंही अडकतंय गं हल्ली. बघतेस जरा?”

“बघते की. आधी मनगट दाखव.”