चाळीस कार्डं आणि एक सही

नाही, पण मला एक सांगा, फॉर्मात असला रकाना घालतंच कोण? नाव, ठीक आहे! जन्मतारीख, ठीक आहे! बारावीचे मार्क, बापाचं उत्पन्न, रक्तगट... रक्तगटसुद्धा एक वेळ ठीक आहे, हॉस्टेलातल्या डासांना आधी कळलेलं बरं! पण सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, 'संस्थेच्या परिचयाच्या एका व्यक्तीची सही'? अहो, परिचयाची व्यक्ती असती तर माणसानं फॉर्म भरला असता का? सरळ फोन नसता लावला?

आणि हा रकाना वाट्याला आला कुणाच्या, तर आमच्या शेजारच्या सुभेदार लालासाहेबांच्या! मलकापूरचा गडी, अठ्ठावीस वर्षं फौजेत. जैसलमेरमध्ये ओळख, लेहमध्ये ओळख, आसामातला एक चहावाला अजून दिवाळीला फोन करतो... पण सांगलीत? शून्य! आणि पोरीला, शिवांजलीला, शिकायचंय पुण्यात. तिथं परवडणारं आणि भरवशाचं हॉस्टेल एकच, सांगलीतल्या एका जैन मंडळींच्या शिक्षणसंस्थेचं. जागा उरल्या दोन. सही नाही तर जागा नाही, जागा नाही तर पुणं नाही, आणि पुणं नाही तर शिवांजलीची आत्या टपूनच बसलेली, कवठे महांकाळचं स्थळ पदरात बांधून! 'मुलगा एकुलता हाय, दोन बोअर हायत, दोन्हीला पाणी हाय!' आता बोअरशी लग्न लावायचंय का पोरीचं?

तेवढ्यात त्याच संस्थेची पत्रिका आली. शिवांजलीला शिष्यवृत्ती मिळालेली, रविवारी सांगलीत वितरण, देणगीदारांचा मेळावा आणि नंतर भोजन. आणि हॉस्टेलचा फॉर्म द्यायची शेवटची वेळ? त्याच दिवशी, मेळावा आटपून ऑफिस बंद होईपर्यंत! लालासाहेबांनी मांडीवर थाप मारली. 'अख्खी सांगली एका हॉलात घावतीय! मार्क काय, समद्यांनाच पडत्यात. माणसाला ओळख पाहिजे गड्या, ओळख!'

तुम्हाला सांगतो, फौजी माणूस निवृत्त होतो ना, तो फक्त कागदावर! दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात हल्ल्याचा नकाशा तयार. राखेनं हॉल आखला, विटा मांडून स्टेज केलं... विटा कुणाच्या? माझ्या! अजून परत आलेल्या नाहीत, पण तो विषय वेगळा. चाळीस पाहुणे म्हणून चाळीस शेंगदाणे. मधला टपोरा शेंगदाणा म्हणजे अध्यक्ष पायगोंडा अण्णा. हातात काठी, समोर सैन्य म्हणून बायको राहीबाई आणि पोरगी. 'हा दरवाजा. हितनं आपुन आत शिरायचं. डावीकडनं राहीबाई, उजवीकडनं शिवांजली, समोरनं मी. जेवणाच्या टायमाला अण्णास्नी घेरायचं! ताटावरचा माणूस मऊ असतोय.' एवढं सांगेपर्यंत कोंबडी आली आणि उपाध्यक्ष खाऊन गेली. राहीबाई म्हणाल्या, 'एक कमी झाला.'

मग रंगीत तालीम. आपल्याकडं ओळख काढायची म्हणजे नातं काढायचं, हो की नाही? 'पाव्हणं कुठलं?' इथनं सुरुवात, आणि दोन मिनिटांत चुलत्याच्या मेव्हण्याची मावशी निघतेच! पण जैन माणसाशी नातं कुठनं काढणार? लालासाहेब रात्रभर तळमळले आणि सकाळी उठून म्हणाले, 'ऊस! त्यांचाबी ऊस कारखान्याला जातोय, आपलाबी जातोय. आपुन उसाकडनं सोयरं!' राहीबाईंना टोपी घालून खुर्चीत बसवलं.

'तू अण्णा.'

'मी?'

'व्हय. मी येतो, नमस्कार घालतो, तू म्हणायचं, कुठलं पाव्हणं?'

लालासाहेब आले, टाच आपटली, अंगणातली धूळ उडाली. 'नमस्कार! सुभेदार लालासाहेब, मलकापूर!'

'आज डेअरीला दूध कोण घालणार?'

'अगं, तू अण्णा हायस!'

'मग अण्णाच इचारतोय, दूध कोण घालणार?'

शिवांजली बिचारी म्हणत होती, 'आबा, तिथं कुणाला तरी साधं विचारू की, सही करता का म्हणून!' साधं? साधं विचारायचं? मग ही व्हिजिटिंग कार्डं कशाला छापली? चाळीस कार्डं, वर गणवेशातला फोटो, खाली नाव, मोबाईल नंबर! 'आधी कार्ड, मग ओळख, मग सही,' लालासाहेब म्हणाले, 'घाईनं लढाई हरत्यात.'

रविवार उजाडला. निळा ब्लेझर, छातीवर पदकं, बूट असे चमकवलेले की आत तोंड बघून भांग पाडावा. आणि खिशात शिट्टी. आता शिट्टी कशाला? तर सवय! कार्यक्रम तीनला, हे दोनलाच सांगलीत हजर. आणि हॉलच्या फाटकावर बघतात तर काय... एक इनोव्हा आडवी, तिच्या पोटात घुसलेली क्रेटा, मागं बोलेरो, हॉर्नवर हॉर्न, आणि मधोमध एक म्हातारा पांढऱ्या मिशांचा, हातात लाल फडकं, 'आवं थांबा की, आवं मागं घ्या की' करत गोल गोल फिरतोय. हा बिराप्पा, संस्थेचा वॉचमन.

आता तुम्हीच सांगा, अठ्ठावीस वर्षं ट्रकांच्या ताफ्याला रांगेत उभं केलेल्या माणसाला हे बघवेल? हात आपोआप खिशात गेला. फुर्रर्र! 'काका, तुमी बाजूला व्हा! जावा, आत जाऊन बसा!' बिराप्पा बघतच राहिला. 'म्या? आत?' 'जावा म्हन्तो ना!' झालं! पाच मिनिटांत इनोव्हा सरळ, क्रेटा सरळ, बोलेरो कडुनिंबाच्या सावलीत.

आणि तिथंच लालासाहेबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, प्रत्येक बडा माणूस ह्याच फाटकातनं जाणार! हॉलात धक्काबुक्की कशाला? खिंड आपल्या ताब्यात! राहीबाईंना म्हणाले, 'तुमी मायलेकी आत व्हा. मी समद्यांच्या ओळखी करूनच येतो.'

मग काय विचारता! गाडी आली की शिट्टी, गाडी लागली की दार उघडायचं, कडक सॅल्यूट, आणि दोन्ही हातांनी कार्ड. 'सुभेदार लालासाहेब, मलकापूर!' लोक कार्ड बघायचे, गाडी बघायचे, मान हलवायचे. एक डॉक्टर म्हणाले, 'हे हरवलं तर?' लालासाहेब गहिवरले! माणसं आपलं कार्ड हरवायला भितात! म्हणाले, 'हरवू नका साहेब, जपून ठेवा.' शेवटी अध्यक्ष पायगोंडा अण्णा उतरले. पांढरं धोतर, हसरा चेहरा. कार्ड घेतलं, पाठीवर हात ठेवला. 'छान शिस्त लावलीत हो! कुठल्या एजन्सीचे?'

एजन्सी? लालासाहेब म्हणाले, 'भारतीय सेना!' अण्णा म्हणाले, 'वा, वा, मोठी एजन्सी आहे,' आणि आत गेले. उसाचं सोयरपण तोंडातच राहिलं. पण काय बिघडलं? जेवण आहे की रात्री! ताटावर गाठू!

आणि इथंच, तुम्हाला सांगतो, अख्खी मोहीम आपटली. चाळीस शेंगदाणे मोजले, दारं मोजली, खिडक्या मोजल्या, पण जैन मंडळी सूर्य बुडायच्या आत जेवतात, हे सैन्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही! लालासाहेब आठचा हिशेब धरून गाड्यांच्या रांगा दोरीत आणत बसले, आणि आत पोरीला शिष्यवृत्ती मिळाली, पाचला पंगत बसली, साडेपाचला उठलीसुद्धा! हे बाहेर वास घेत म्हणतायत, 'रात्रीच्या सैपाकाची तयारी झ्याक चाललीय!'

मग दार उघडलं आणि पाहुणे ढेकर देत बाहेर. सगळे सरळ लालासाहेबांकडं! छाती दोन इंच वर आली. पहिले डॉक्टर. खिशातनं कार्ड काढलं, लालासाहेबांच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, 'पांढरी क्रेटा.'

अहो, पार्किंगचं टोकन! माणसाचा फोटो, छातीवरची पदकं, मोबाईल नंबर, आणि टोकन! एक झाला, दुसरा झाला, 'लाल स्विफ्ट', 'कडुनिंबाखालची बोलेरो'... लालासाहेब गाड्या काढून देतायत आणि कार्डं परत घेतायत. अण्णांनीसुद्धा कार्ड परत दिलं! 'अण्णासाहेब, माझ्या मुलीचा फॉर्म... सही...' अण्णा गाडीत बसत म्हणाले, 'बिराप्पाला विचारा, तो सगळं बघतो.' गेली गाडी. चाळीस कार्डं वाटली, चाळीस परत आली. एवढी प्रामाणिक माणसं कुठं बघितलीयत?

सहा वाजत आले, ऑफिस बंद व्हायला पाच मिनिटं. फाटकात फक्त धूळ. लालासाहेबांनी कार्डांचा गठ्ठा खिशात कोंबला. बॉम्बगोळ्यात न भ्यालेला माणूस, पण पोरीला काय तोंड दाखवायचं? आत ऑफिसच्या खिडकीकडं पळाले, तर तिथं शिवांजली उभी, राहीबाई उभ्या, आणि मधे बिराप्पा, मिशीला ताक लागलेलं, हातात पेन, फॉर्मवर एकेक अक्षर कोरत सही करतोय!

'पोरी, ह्यो तुजा बा व्हय?' बिराप्पा म्हणाला आणि लालासाहेबांकडं वळला. 'आवं, बत्तीस वर्सं ह्या फाटकावर हाय मी. दरसाल पंगत उठल्यावर गार भात खातोय. आज पैल्यांदा पाटावर बसून गरम जेवलो! तुमची मालकीन शेजारी हुती, तिनं दोनदा जिलबी वाढाय लावली.' आणि पोरीनं काय केलं म्हणाल? साधं विचारलं!

लालासाहेबांनी घाबरत खिडकीतल्या क्लार्कला विचारलं, 'ही सही... चालती?' क्लार्क तोंड वर न करता म्हणाला, 'बिराप्पाकाकांची? अहो, अण्णांच्या पोरांना सायकल त्यांनी शिकवली! ह्याच्यापेक्षा परिचयाचं कोण असतंय?' धप्प! शिक्का बसला. पुणं पक्कं, आत्याची दोन्ही बोअर कोरडी!

शिवांजली पुण्याला गेली, छान रमली. लालासाहेबांनी कार्डं ट्रंकेत टाकली, त्या दिवशी उपाशी परतलेले, त्याचं नाव काढत नाहीत. परवा बिराप्पाचा फोन आला. 'सुभेदार, येत्या आयतवारी परत मेळावा हाय. पत्रिकेत तुमचं नाव छापलंय, येकदम खाली, वाहनव्यवस्था म्हणून. तेवढी कार्डं घिऊन या, लोक इचारत्यात!'

काल संध्याकाळी बघतो तर लालासाहेब ओट्यावर, शिट्टी पुसतायत. म्हटलं, 'काय सुभेदार, निघाला परत?' त्यांनी माझ्याकडं बघितलं, एक लांब सुस्कारा सोडला आणि म्हणाले, 'जावं लागतंय गड्या. आता ओळख हाय न्हवं!'