पडद्याआडचा मोठा खटका

वेस्ट व्हर्जिनिया, नोव्हेंबर १९६०. शाळेतल्या मतदानाच्या रांगेत हर्शेल आणि डॉर्सी हे दोन म्हातारे खाणकामगार उभे होते. पाद्रीबुवा नुकतेच यंत्राच्या पडद्याआड गेले होते.

"रविवारी बुवा काय म्हणाले, विसरलास का हर्शेल? आपल्या पक्षाचा हा कॅथलिक राष्ट्राध्यक्ष झाला की आपला कारभार पोप हाकणार."

"विसरतोय कसला. तेव्हापासून घास उतरत नाही."

"मग दुसऱ्या पक्षाला दे की मत."

"माझा बाप डेमोक्रॅट, आजा डेमोक्रॅट. वर गेल्यावर त्यांना काय तोंड दाखवू?"

"आणि देवाला?"

"तोही तिथंच असणार, हीच तर पंचाईत आहे."

"मग पक्षाचा मोठा खटका ओढू नकोस. त्यानं एका दमात पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जातं, त्या कॅथलिकालाही. त्याला वगळून एकेकाचा छोटा खटका दाब."

"म्हणजे टकटक टकटक. हर्शेल फुटला, हे अख्ख्या रांगेला कळेल."

"कळू दे. बुवाही तेच करणार बघ. त्यांचा मेहुणा आपल्याच पक्षाकडून शेरीफला उभा आहे. त्याला मत नाही दिलं, तर बायको घरात घेईल का?"

आत मोठा खटका खाडकन पडला. त्यानंतर टकटक काही झाली नाही. पडदा सरकवून पाद्रीबुवा बाहेर आले.

"हर्शेल, प्रार्थना करून मत दे हो."

"देतो, बुवा. तुम्ही केलीत तेवढीच करतो."