दीड तासाचं इमान

नागपूरहून आलेली एसटी कळंब सोडून यवतमाळकडे निघाली होती. माझ्या पुढच्या सीटवर एक म्हातारं जोडपं होतं. म्हाताऱ्याच्या नाकात ऑक्सिजनची नळी, मांडीवर छोटं मशीन.

"काहून सांगितलं तू त्या इमानतळावरच्या काउंटरवालीले?"

"ओठ निळे पडून राह्यले होते तुमचे! नळी काढून खिशात कोंबली, अन् तिले म्हणता, मले काईच झालं नाई."

"दीड तासाचं इमान होतं. दम धरला असता मी."

"दम हाय कुठं धराले? आपल्या पोरीनं तिकीट काढतानी इचारलं होतं, मशीनचं आगुदर कळवा लागते म्हणून. तुम्ही सांगितलं, मशीन कवाचीच सुटली!"

"खरं सांगितलं असतं तं ओली बाळंतीण पुण्याहून इकडं पळत आली असती."

"मंग आता काय सांगू? तिचाच फोन वाजून राह्यला."

"सांग, बाप आडमुठा हाय, इमानात बसलाच नाई."

"हॅलो, अपेक्षा? आमी वापस चाल्लो, माय. मशीन सुटली नाई तुह्या बाबाची. खोटं बोलले ते तुले."

"दे इकडं तो फोन!"

"नाई देत. रडून राह्यली ते. आयका, तिथूनच आयका."