आजारी कोन हाय, मानूस की जनावर?

मी खाडीकाठच्या भातशेतीवाल्यांची पोर. म्हैस आजारी पडली की आजा पाला वाटून द्यायचा, आनि आम्ही पोरं आजारी पडलो तरी बहुतेक तोच पाला. फार्मसी शिकलेली घरातली मी पयली. लग्न होऊन आचोळ्याला आले, नवऱ्याने बिल्डिंगखालचा गाळा घेऊन दिला, तिथे मेडिकल टाकलं. आता काय सांगू तुम्हाला, कॉलेजात मानसांची औषधं घोकून घेतली, जनावरांची एक ओळ नाय शिकवली, आनि गिऱ्हाईक मात्र दोघांचं येतंय.

तेव्हा नव्या बिल्डिंगी उठत होत्या, लोक कुत्री-मांजरं पाळायला लागले होते. जनावरांचा डॉक्टर मानिकपूरला. त्याची चिठ्ठी घेऊन लोक दुकानं पालथी घालायचे आनि दुकानदार हसायचे, हे मेडिकल हाय, गोठा नाय. मग लोक खोटं बोलायला शिकले. कुत्र्याला जुलाब झाले की पोराला झाले म्हनून सांगायचे. मला राग त्या हसनाऱ्यांचा येतो, अजून येतो.

आमच्या वरच्या मजल्यावर एक मावशी राहायच्या, नवरा गेलेला, मुलगी सासरी, एकट्याच. एक दिवस आल्या, म्हनाल्या, बाय, नातवाला ताप हाय गं, दोन वर्षांचा हाय, काहीतरी दे. मी लहान मुलांचं पॅरासिटामॉल दिलं. जिन्यापर्यंत गेल्या आनि परत आल्या, विचारतात, बोंबलाच्या कालवनात घालून दिलं तर चाटेल ना? मी म्हनले, मावशी, नातू चाटेल कशाला? तशा रडायलाच लागल्या, म्हनाल्या, नातू नाय गं, माझा बाळू. बाळू म्हंजे त्यांचा बोका.

मी बाटली ओढून घेतली, मानिकपूरला फोन लावला. डॉक्टर ओरडलाच, थेंब देऊ नका, मांजराला ते विष हाय. सर्टिफिकेट भिंतीवर फ्रेम करून लावलेलं, आनि एवढी गोष्ट मला कोनी सांगितली नव्हती.

मावशी बाळूला पिशवीत घालून रिक्षाने घेऊन गेल्या, डॉक्टरने तपासून बरोबर औषध लिहून दिलं. पन ते मिळायला तर पायजे! अख्ख्या आचोळ्यात नाय. होलसेलवाला म्हनतो, जनावरांचा एक नग पाठवत नाय, पेटी घ्या. शेजारचा मेडिकलवाला म्हनतो, एका मांजरापायी एवढं काय? मी दोघांशी भांडले, पेटी मागवली. ती आली तेव्हा बाळू गेला होता. बाटली घेऊन वर गेले, तर मावशी म्हनाल्या, ठेव बाय, दुसऱ्या कोनाचा तरी वाचेल. त्या मला एक वाकडा शब्द बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ती पेटी संपली, मग दुसरी मागवली. आता जनावराची चिठ्ठी आली की मी आधी मानिकपूरला फोन करते, विचारून घेते, मग देते. आनि चिठ्ठीशिवाय कोनीही आलं की पयला सवाल, आजारी कोन हाय, मानूस की जनावर? लोक भडकतात. परवा एक बाई अंगावरच आली, माझ्या लेकराला जनावर म्हनता? मी म्हनले, रागव बाय, काय रागवायचं ते रागव, पन खरं सांग, इथे कोनी हसनार नाय.