खोतांच्या घरी आलेली यवनी पदवी

मंडळी, एक विचारू? मान मिळवायला कष्ट लागतात, हे तुम्हीच मला सांगाल. पण आयता दारात आलेला मान परत करायला काय लागतं? ... बरं, ऐका तर.

कोकणात खारवाडे नावाचं बंदर. तिथले दाजीसाहेब खोत. खोती कायद्यानं गेली, पण दाजीसाहेबांच्या मिशीतून काही गेली नव्हती! एक दिवस पंचायतीत पत्र आलं — थेट ग्रीसहून, यवनांच्या मुलखातून! तिथल्या एका बेटाची फार प्राचीन रीत: परक्यानं आपली माणसं जगवली, तर त्याला 'आर्कोन' करायचं. म्हणजे सरदारच म्हणा. जमीन नाही, अधिकार नाही — नुसता मान आणि डोक्यावर ऑलिव्हच्या पानांचा मुकुट.

सहा वर्षांपूर्वी त्या बेटावरचे खलाशी बंदराबाहेर जहाजात अडकले होते. जहाजाच्या मालकानं हात वर केलेले. चाळीस दिवस एका होडीतून त्यांना पेज आणि सुकट गेली. पाठवणाऱ्याचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. पत्रात एवढंच होतं — बंदरावरच्या ज्या घरातून अन्न आलं, त्या घराच्या धन्याला ही पदवी.

आता पेज होती शेवंता मयेकरणीची. विधवा बाई, मासळी विकणारी. दाजीसाहेब तर तेव्हा म्हणाले होते, परक्यांची भानगड गावात नको! पण पत्र वाचलं आणि त्यांचं डोकं चाललं. होडी सुटली कुणाच्या धक्क्यावरून? माझ्या. मग घर कुणाचं? — काय वकील आहे बघा! खोतांना अडवणार कोण? शेवंतानंही हक्क सांगितला नाही. ती म्हणे, मुकुट घातला तर टोपली कुठे ठेवू?

हसू नका हो. बापाला मिळायचा तो मान मरण्याआधी एकदा आपल्याला मिळावा, एवढीच त्या म्हाताऱ्याची आस होती.

पाहुणा आला. बेटावरचा वृद्ध नगरप्रमुख, सोबत दुभाषी म्हणून शाळेतले सावंत मास्तर. दाजीसाहेबांनी ओटीवर खुर्ची मांडली होती. पाहुणा म्हणाला, आमच्यात मुकुट ओटीवर देत नाहीत. जिथं अन्न शिजलं त्या चुलीवर हात ठेवून देतात. चूल दाखवा.

दाजीसाहेबांना आपल्याच घराचं स्वयंपाकघर सापडेना! माजघरातून दोनदा फिरले. शेवटी पोचले, तर आत मेजवानीचे मासे तळायला कोण? शेवंताच! मुकुट वर उचललेला, दाजीसाहेबांची मान खाली, पाहुण्याचा हात शेगडीकडे. तेवढ्यात शेवंतानं पदरानं तो हात अडवला.

"दाजीसाहेब, पाहुण्यांना सांगा, तवा तापलाय. हात भाजंल त्यांचा."

बस्स. एवढंच बोलली, मंडळी. मान हिरावला जात होता तिचा आणि काळजी पाहुण्याच्या हाताची! वाकलेली मान दाजीसाहेबांनी वर केली.

"मास्तर, सांगा त्यांना. ती चूल ही नव्हे. मी पेज दिली नाही, उलट देऊ नका म्हणालो होतो. चूल हिच्या घरी आहे. चला, मी दाखवतो."

पुढं दाजीसाहेब, मागं सारा गाव. शेवंताच्या झोपडीत तीन दगडांची चूल. राखेवर हात ठेवून पाहुण्यानं तिला आर्कोन केलं. ती लाजली. मग मास्तरांना म्हणाली, तो उंच पोरगा होता, सुकट बघून तोंड फिरवायचा, त्याचं पोट सुधारलं का विचारा. सुधारलं, पाहुणा हसून म्हणाला, आता दोन लेकरांचा बाप आहे.

त्या दुपारी दाजीसाहेब तिच्या दारात चटईवर बसून पेज जेवले. वाकून नमस्कार कुणी केला नाही. पण शेजारच्या म्हाताऱ्या कोळ्यानं सरकून जागा दिली आणि त्यांना ती पुरली.

आता तुमच्याकडे येतो. जत्रेत पहिला नारळ कुणाचा म्हणून भांडता ना? आज मंडपामागे दोनशे पानांचा प्रसाद शिजतोय. सकाळपासून धुरात कोण बसलंय, तिचं नाव सांगा. ... कुणालाच नाही ठाऊक? मलाही नाही! चला, आधी नाव विचारून येऊ. आरती थांबेल तेवढी.