पाहुण्यांना दाखवायची आजी

दवाखान्याच्या रांगेत मागच्या दोघी म्हाताऱ्यांचे आवाज ओळखून कावेझेरीने रुमाल कपाळावर ओढला. परदेशी पाहुण्यांना जिराफ दाखवून झाले की ती त्यांना या म्हाताऱ्यांच्याच वाडीवर नेत असे.

“वहिनी, डोळ्यांचा डॉक्टर कालच येऊन गेला. आता थेट पुढच्या हिवाळ्यात!”

“काल पाहुणे होते गं. त्यांना फिरवणाऱ्या पोरीनं माझा रोजचा झगा, टोपी काढून कातडं नेसवलं. त्यांना म्हणाली, ही आजी कधी डॉक्टरकडे गेलेलीच नाही.”

“आणि तू गप्प बसलीस?”

“पाहुण्यांच्या पैशांवर तर वाडीचा पाण्याचा पंप चालतो.”

“तुला दिसेनासं झालंय, एवढं तरी सांग तिला.”

“नको. लाज वाटेल बिचारीला.”

“कावेझेरी!” नर्सने दारातून हाक मारली. मग पुन्हा मारली.

रांगेतून कुणीच पुढे गेलं नाही.